चौथा स्टॉपर

सात रस्ता, सोलापूर
२ सप्टेंबर १९७४

महिपती,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

काल तुझ्या खोलीवर गेलो तर दाराला कुलूप. शेजारची मायाक्का म्हणाली, "त्ये गेलं की गावाकडं, करकंबला, ट्रंक घिऊन. तुमास्नी सांगून न्हाय गेलं व्हय?" मी म्हटलं, सांगून गेला, मीच विसरलो. आजवर तुझ्यासाठी गिरणीतल्या साहेबापुढे, पंचापुढे आणि एकदा फौजदारापुढे खोटं बोललो होतो. आता मायाक्कापुढेही बोललो.

शनिवारच्या मीटिंगमधून तू अर्ध्यात उठून गेलास, म्हणून मीटिंग पहिल्यापासून लिहितो. फुटबॉल लीगला सोळा नावांची यादी द्यायची होती. वाद एकाच गोष्टीवर अडला. गोलीच्या पुढे मधोमध उभे राहणारे स्टॉपर क्लबला किती लागतात? मैदानात दोन, हे सगळ्यांना मान्य होतं. यादीत किती? आपले अध्यक्ष वीरभद्रप्पा म्हणाले, "दोन खेळतात तर दोनच घ्या की. तिसऱ्याला बसवून चहा कशाला पाजायचा?" त्यांचं रंगाचं दुकान आहे आणि तिथेही ते नोकर याच हिशेबाने ठेवतात. आपले कोच तिप्पण्णा यांना पाच हवे होते. त्यांचं चाललं तर ते गोलीसुद्धा स्टॉपरच ठेवतील. मी मध्ये पडून तीन म्हणालो. दोन खेळायला, एक कुणाला ताप आला तर. चौथ्याने सबंध मोसम बाकावर बसून काय करायचं? बाकीच्या तिघांचे पाय मोडावेत म्हणून नवस बोलायचा?

आणि वयाने चौथा तू निघालास. त्याला मी काय करू? छत्तिशी तुला आली, मला नाही. माझी येऊन गेली.

सोळावं नाव अध्यक्षांच्या जावयाचं गेलं. तो फॉरवर्ड आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे. "जावयाला जागा हाय, मला न्हाय," हे तुझं म्हणणं बरोबर होतं. त्यावर मी म्हणालो की जावई जर्सीचं कापड आणतो, तू काय आणतोस? ते सगळ्यांना ऐकू गेलं. खोलीच लहान आहे.

तू मात्र उठलास. चपला शोधल्यास आणि गेलास. तू शिव्या दिल्या असत्यास तर सोमवारपर्यंत सगळं मिटलं असतं.

घरी आमच्या गुरम्माने काल सवयीने तुझ्या वाटणीच्या कडक भाकरी केल्या आणि माझ्याकडे बघत त्या मलाच वाढल्या. शेंगाची चटणी वाढली नाही.

पोचल्याचं कळव.

रेवणप्पा
(सेक्रेटरी)


सोलापूर
२१ ऑक्टोबर १९७४

महिपती,

तुझं कार्ड मिळालं. "पोचलो. ऊस बरा हाय." एवढ्या मजकुरासाठी सबंध पोस्टकार्ड वापरलंस, ही उधळपट्टी आहे.

तुला आनंद होणार नाही, तरी लिहितो: आपलं बरं चाललं आहे. संगप्पा आणि बिरप्पा मधोमध खेळतात आणि शिवप्पा बाकावर बसून संत्री खातो. तीन पुरतात. संगप्पाच्या खांद्यावर बैलगाडी ठेवली तरी तो फक्त विचारील, कुठं उतरवू? तिप्पण्णांची निवडीची रीत तुला ठाऊकच आहे. पाठमोऱ्या माणसाला कमरेत अचानक धक्का द्यायचा. जो हलला तो फॉरवर्ड, जो हलला नाही तो स्टॉपर. या तिघांना धक्का देऊन म्हाताऱ्याचाच खांदा दुखावला आहे. तुझी निवड झाली तेव्हा म्हणे तू उलटून त्यांनाच ढकललं होतंस. ते अजून ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी थोडे आणखी लांब जाऊन पडतात.

स्टेशन इलेव्हनबरोबरचा सामना पावसामुळे पुढे गेला. मैदानात म्हशी बसल्या होत्या आणि त्यांना उठवायला पंचाने नकार दिला. जानेवारीतला कुठलाही दिवस आम्हाला चालेल, असं मी लीगला लिहून दिलं आहे. अशा बाबतीत सेक्रेटरीने उदार असावं.

एक विचारतो. गेल्या उन्हाळ्यात सराव संपला की तू त्या मैलाच्या दगडावर बराच वेळ बसून राहायचास, सगळे गेले तरी. मी म्हणायचो, चल की बे, तर म्हणायचास, वारा खातोय. कसला वारा? सोलापुरात मे महिन्यात? तेव्हा सुचलं नाही म्हणून आता विचारतो.

तुझी आठवण इथे कुणी काढत नाही. गुरम्मा काढते, पण ती क्लबची सभासद नाही.

रेवणप्पा


सोलापूर
१ डिसेंबर १९७४

प्रिय महिपती,

'प्रिय' लिहिलं आहे. यावरून परिस्थिती ओळख.

स्टेशन इलेव्हनच्या सामन्याची तारीख आली. तेरा जानेवारी, दुपारी चार. लीगचे नवे कार्यवाह पुण्याहून बदलून आले आहेत. त्यांनी कॅलेंडर पाहिलं, भोगी दिसली, सोलापुरात सुट्टी असते असं कुणी तरी सांगितलं. माणसं रिकामी असतील, मैदान भरेल, असा त्यांनी विचार केला. भोगीला, ऐन सिद्धरामेश्वराच्या लग्नाच्या अक्षतेच्या दिवशी, सोलापूरची माणसं रिकामी!

तरी तारीख ऐकून मी घाबरलो नव्हतो. आपले गोली, हाफ, फॉरवर्ड, सगळे गड्ड्याच्या जत्रेतून तास-दोन तास काढून येतील. मग तिप्पण्णा हळूच म्हणाले, "रेवणप्पा, स्टॉपर कुठनं आणणार?"

तेव्हा उजेड पडला. कमरेत धक्का दिला तरी हलत नाही, असा माणूस सोलापुरात कोण असतो? अक्षतेच्या मिरवणुकीत नंदीध्वज पेलणारा! चार-पाच माणसांच्या उंचीची ती काठी कमरेच्या पट्ट्यात उभी धरून गर्दीतून चालायचं, आणि ती कलू द्यायची नाही. त्यांची पाठ तशीच घडलेली असते. तिप्पण्णांनी गेली कित्येक वर्षं स्टॉपर म्हणून शोधून शोधून नंदीध्वजाचे मानकरीच गोळा केले आणि मी ते यादीत लिहीत गेलो. आम्ही दोघेही याच गावात जन्मलो, रे! पुण्याच्या माणसाला हसायचं तोंड कुठे राहिलं? तिघेही महिनाभर संध्याकाळी मैदानावरून लवकर पळतात, ते काठीच्या सरावालाच. मला वाटायचं, सिनेमाला जातात.

संगप्पाला भेटलो. म्हटलं, एकच दिवस.

तो म्हणाला, "रेवणअण्णा, काय बोलताय? आजोबापासनंचा मान हाय. फुटबॉल दर शनवारी हाय. सिद्धरामेश्वराच्या अक्षता वर्सातनं एकदा."

"अरे पण क्लब खाली जाईल."

"जाऊ दे की. वर येईल परत. काठी खाली आली तर?"

मी उठून पुढच्या दोन दारांत गेलो. बिरप्पाने हात जोडले. शिवप्पा क्षणभर विचारात पडला, तेवढ्यात त्याच्या आईने आतून कानडीत उत्तर दिलं. ते मी इथे लिहीत नाही.

तारीख बदलून मागितली. स्टेशन इलेव्हनचे बहुतेक खेळाडू बाहेरगावचे. त्यांना भोगी म्हणजे बाजरीची भाकरी, एवढंच माहीत. त्यांनी नकार दिला. सामना बरोबरीत सुटला तरी आपण पहिल्या डिव्हिजनमध्ये राहतो. हरलो तर दुसऱ्या. दुसऱ्या डिव्हिजनचे सामने मागच्या मैदानावर, टळटळीत उन्हात होतात, आणि तिथे म्हशींचा हक्क आधीचा आहे.

यादीतलं एक नाव पंधरा डिसेंबरपर्यंत बदलता येतं. मी भीत भीत वीरभद्रप्पांच्या दुकानात गेलो. जावई तिथेच डबे मोजत बसला होता. मी विषय काढताच म्हणाला, "काढा की नाव! लगेच काढा! मला बूट चावत्यात हो, सासऱ्यांना सांगायला जीभ उचलत नव्हती." सासऱ्यांनी त्याला डबे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. तीन वर्षं यादीत सोळावं नाव होतं ते असं.

तर जागा आहे. चौथा स्टॉपर लागतो. तूच एक असा आहेस की ज्याच्या कमरेला कुठलीही काठी नाही.

येशील ना?

तुझा,
रेवण


सोलापूर
९ डिसेंबर १९७४

प्रिय महिपती,

कार्ड मिळालं. "तीन बास म्हणला व्हता की. चौथ्याला कशाला तरास." या वेळी दोन वाक्यं, म्हणजे सुधारणा आहे.

बरं, म्हणालो होतो. तीन बास हे गणित बरोबरच होतं. तिघांना एकाच दिवशी एकच ताप येईल, हे गणितात बसत नाही. तू म्हणशील, मग गणित चुकलं. मी म्हणेन, गाव चुकलं. हा वाद पत्राने मिटणारा नाही.

हे गुरम्माला वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "चिठ्ठ्या काय लिहीत बसलाय? माणूस उठून गेला की आपणबी उठून जावं त्याच्या दारात."

म्हणून गुरुवारच्या एस.टी.ने येतो. गुऱ्हाळावरच येतो. तुझं गुळव्याचं काम सोडून मला न्यायला येऊ नकोस. गूळ करपला तर त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल.

रेवण


सोलापूर
१६ डिसेंबर १९७४

सौ. बजाबाई वहिनींना,
रेवणप्पाचा नमस्कार.

हे पत्र टपालाने टाकलं असतं तर ते आधी महिपतीच्या हातात पडलं असतं. म्हणून गुळाच्या अडत्याच्या माणसाबरोबर पाठवतो. तुम्ही चौथी शिकलेल्या आहात हे महिपतीने मला निदान शंभर वेळा सांगितलं असेल, तेव्हा स्वतःच वाचा.

गुरुवारी गुऱ्हाळावर पोचलो. उकळत्या रसाची काहील उतरेपर्यंत त्याने मला धुरात उभं केलं. मग गरम गुळाचा खडा हातावर ठेवून म्हणाला, "भाजला का?" मी म्हटलं, भाजला. म्हणाला, "मग येतो भोगीला." एवढ्यावर मिटलं. मी इतका खूश झालो की एस.टी. येईपर्यंत तुमच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

आणि फाट्यावर तुम्ही पदराने तोंड पुसत म्हणालात, "भावजी, तुमास्नी म्हणून सांगते. त्येंचा गुडगा गेलाय. वर्स झालं. चुलीम्होरं बसून शेकत्यात, मी आले की धोतर खाली वढत्यात. डाक्टरनं सांगितलंय, पळायचं न्हाय, पळालास तर काठी घिऊन चालशील. तुमी बोलिवलंय म्हंजे त्ये येणार. आनि काहिलीवर दिवसभर हुबं ऱ्हायाला त्येंला पाय लागतोय, भावजी. पायावर घर हाय."

एस.टी.त बसून मी टेंभुर्णीपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो, बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. गाडी भलत्याच गावाला जाणारी आहे हेही मला टेंभुर्णीतच कळलं.

मैलाच्या दगडावर तो का बसायचा, ते आता कळलं. मीटिंगमधून न भांडता का गेला, तेही कळलं. भांडला असता तर कुणी तरी म्हणालं असतं, चल, मैदानावर पळून दाखव.

नाव यादीत गेलं आहे, ते आता निघत नाही. पण यादीत असणं वेगळं आणि खेळणं वेगळं. आमच्या जावयाने हे तीन वर्षं सिद्ध केलं. मी त्याला येऊ नको म्हणून लिहितो. गुडघ्याचं मला कळलंय, हे त्याला कळू देणार नाही. तुम्हीही देऊ नका.

तो खेळणार नाही, हा माझा शब्द.

तुमचा,
रेवणप्पा


सोलापूर
४ जानेवारी १९७५

प्रिय महिपती,

घाईत लिहितो. आनंदाची बातमी आहे. संगप्पा खेळायला तयार झाला. त्याचा चुलतभाऊ त्या दिवशी काठी धरणार आहे. शिवप्पाच्या आईचंही मन वळलं. म्हणजे आपले दोन स्टॉपर तयार आहेत, आणि तुला एवढ्या लांब येण्याची गरज उरली नाही. शिवाय गुऱ्हाळाचे दिवस आहेत. शिवाय थंडी आहे. शिवाय भोगीला एस.टी.ला गर्दी असते.

सामना झाला की मीच गूळ घ्यायला येईन, गुरम्मालाही आणीन. तू तिथेच राहा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
रेवण


सोलापूर
१४ जानेवारी १९७५, संक्रांत

सौ. बजाबाई वहिनींना,

हे पत्रही अडत्याच्या माणसाबरोबरच पाठवतो, पण आता लपवण्यासारखं काही नाही. महिपती माझ्या घरात, माझ्या खाटेवर, माझी उशी पायाखाली घेऊन पडला आहे. मी शब्द दिला होता, तो पाळला गेला नाही. कसं झालं ते लिहितो. रागवायचं असेल तर सबंध वाचून रागवा.

संगप्पा तयार झालाय असं मी त्याला लिहिलं होतं, ते खोटं होतं. भोगीला साडेतीनला आम्ही मैदानावर दोन उंच फॉरवर्डना स्टॉपर कसं उभं राहायचं हे शिकवत होतो. तिप्पण्णांनी दोघांना कमरेत धक्का दिला. दोघेही हलले. तरी घेतले, दुसरे नव्हते.

गोलाच्या मागे कांबळं पांघरून एक माणूस बसला होता. मी जवळ गेलो.

"का आलास बे?" मी म्हटलं. "संगप्पा खेळतोय, असं लिहिलं होतं ना?"

"संगप्पा तीन पिढ्यांचा मान चुलतभावाला दील व्हय? रेवण्या, खोटं लिवायला डोकं लागतं. आनि पाच वेळा 'शिवाय' लिवलंस." तीनदाच लिहिलं होतं, पण ते असो. "बजानं सांगितलं न्हवं तुला?"

मी म्हटलं, काय सांगितलं?

तो हसला. म्हणाला, "बसून बघतो. बघायला गुडगा लागत न्हाय." मीही त्यावर विश्वास ठेवला.

वहिनी, सामना तुम्हाला काय सांगू. पहिल्या अर्ध्यात त्यांनी एक गोल केला, मग आपण एक केला. महिपती मागून ओरडत होता. "डावीकडं सरक! त्येच्याकडं बघ, बॉलकडं नगं!" त्या दोघा फॉरवर्डचे स्टॉपर त्याच्याच ओरडण्याने बनले. लांबून देवळाकडच्या ढोलांचा आवाज येत होता. शेवटची वीसेक मिनिटं राहिली आणि आमच्या दोघांपैकी एकाच्या पोटरीत गोळे आले. तो लोळायला लागला.

महिपती उठला. कांबळं काढलं. आत पाच नंबरची गेल्या वर्षीची जर्सी होती.

मी आडवा गेलो. "बस खाली."

"कोण सांगतंय? सेक्रेटरी का रेवण?"

"दोघंबी."

"मग दोघांनाबी सांगतो. बाजूला सर."

"पायावर घर आहे तुझं."

हे बोललो आणि जीभ चावली. ते तुमचे शब्द होते, त्याने ओळखले. पण रागावला नाही. म्हणाला, "घर हायच की. म्हणून तर पळणार न्हाय. हुबा ऱ्हातो. दिवसभर काहिलीवर हुबाच ऱ्हातो न्हवं? तू यादीत चौथा म्हणून लिवलंयस मला. तेवढं खेळून घिऊ दे. मग काड नाव. मीच सांगतो, काड."

पंच शिट्टी वाजवत होता. मी नाही म्हटलं असतं तर तो थांबला असता, वहिनी. हे मुद्दाम लिहितो. यादी माझ्या हातात होती आणि माझ्या सहीशिवाय कुणी आत जाऊ शकत नव्हतं. मी बाजूला सरलो.

तो खरंच पळाला नाही. गोलापुढे खांबासारखा उभा राहिला आणि बाकीच्या सगळ्यांना त्याने पळवलं. त्यांचे फॉरवर्ड येऊन त्याच्यावर आपटायचे आणि मग बाजूने वाट शोधायचे. आपण टिकलो. मग अगदी शेवटी एक चेंडू त्याच्या बाजूने निसटला, रिकाम्या गोलाकडे निघाला, आणि तो पळाला. पाचसहा पावलंच असतील. चेंडू बाहेर मारला आणि तिथेच बसला.

सामना बरोबरीत सुटला. आपण पहिल्या डिव्हिजनमध्ये आहोत. वीरभद्रप्पांनी स्वतः त्याला टांग्यात घातलं, आणि वाटेत मला म्हणाले, पुढच्या वर्षी सहा स्टॉपर घ्या.

डॉक्टर येऊन गेले. गुडघा सुजला आहे, मोडलेला नाही. महिनाभर पाय खाली ठेवायचा नाही. त्यानंतर काहिलीवर उभं राहता येईल, पण फुटबॉल कायमचा संपला. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं तो भिंतीकडे तोंड करील. तर म्हणाला, "ते मला वर्साभर म्हाईत हाय. तुमास्नी आज कळलं."

आता तो खाटेवरून सांगतोय, "लिव, पाय बरा हाय." मी लिहीत नाही. "लिव, उद्या येतो." तेही लिहीत नाही. गुरम्मा हळद-चुना गरम करून आणते आहे आणि त्याला कानडीत बोलते आहे. त्याला कानडी येत नाही, तरी मान खाली घालून ऐकतोय.

गुऱ्हाळाची सोय मी केली आहे. संगप्पाचे आजचे मान संपले की उद्या तो आणि शिवप्पा करकंबला येतील. त्यांना गुळातलं काही कळत नाही, पण उभं राहता येतं. तुमच्या दिराने पाक कधी उतरवायचा तेवढं सांगावं. महिपती हे ऐकून म्हणतोय, "दोन कशाला? एक बास." मी म्हटलं, एक काहिलीवर, दुसरा त्याला झोप आली तर. तो म्हणाला, मग तिसरा लागंल. सकाळपासून यावरच चाललंय आमचं.

वहिनी, तुम्ही या. मी पत्राने माफी मागत नाही. पत्रात मला ते नीट जमत नाही, आणि तुम्हाला समोर बघून बोलायचा हक्क आहे. संगप्पा ज्या गाडीने तिकडे उतरेल त्याच गाडीने इकडे या. माझ्यासाठी जे बोलणं ठरवलं असेल ते वाटेत विसरू नका. आणि ते आम्हा दोघांना एकत्र बसवूनच बोला. एकट्याला बोललात तर दुसरा मध्ये येऊन उभा राहील.

तुमचा,
रेवणप्पा